सध्या मागणी कशाला आहे?

इस्पितळातलं टेलिफोन एक्स्चेंज बंद झालं तेव्हा ऑपरेटरबाईंना निरोपाच्या वेळी फुलांचा गुच्छ मिळाला आणि जोडीला एक सल्ला. गुच्छ आठवडा व्हायच्या आतच वाळून गेला, सल्ला मात्र पाठ सोडेना. "आता काहीतरी डिजिटल शिकून घ्या," असं प्रशासनातले साहेब म्हणाले होते. नंतर जो भेटेल तो तेच म्हणायला लागला.

बाईंच्या खुर्चीवर आता कुणीच बसत नव्हतं. इस्पितळात फोन केला की एक रेकॉर्ड केलेला गोड आवाज चौकशीसाठी एक दाबायला सांगे, तातडीच्या मदतीसाठी दोन. बाईंनी एकदा मुद्दाम फोन लावून तो ऐकला, दोन दाबल्यावर काय होतं तेही पाहायचं होतं, पण खरंच कुणी धावत आलं तर काय सांगणार, म्हणून ठेवून दिला.

डिजिटल म्हणजे नेमकं काय शिकायचं, यावर मात्र कुणाचं एकमत नव्हतं. मुलगी दुसऱ्या शहरात 'क्लाउड'मध्ये कामाला होती. तिचं म्हणणं, क्लाउडला मरण नाही. क्लाउड म्हणजे काय हे तिनं आईला वरचेवर समजावलं होतं आणि आईनं दर वेळी मान डोलावली होती. शेजारच्या काकूंचा भाचा डिजिटल मार्केटिंग करून मार्गी लागला होता, म्हणून काकूंच्या मते जगात दुसरं काही शिकण्यासारखंच नव्हतं. कोपऱ्यावरच्या क्लासच्या फलकावर डेटा अ‍ॅनालिटिक्स लिहिलेलं होतं, त्याच्यावर कागद चिकटवून सायबर सिक्युरिटी केलं, आणि परवा तो कागदही जाऊन तिथं एआय आलं. वर्तमानपत्रात एक लेख आला होता, की यातलं काहीही शिका, तुम्ही शिकून होईपर्यंत ते काम यंत्रच करायला लागेल. बाईंनी तो लेख दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. एवढ्या वैद्यांनी मिळून रोग्याचं काय होणार, हे त्यांनी इस्पितळात पुष्कळ पाहिलं होतं.

नवऱ्याला विचारावं तर ते ताकास तूर लागू देत नसत. ते एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायचे. तरुणपणी ड्रॉइंग बोर्डवर पेनानं काढायचे, मग कॉम्प्युटर आला तेव्हा संध्याकाळचे वर्ग लावून तेही शिकले होते. म्हणजे या वाटेनं ते एकदा जाऊन आलेले. पण बाई काही विचारायला गेल्या की "बघू या" म्हणायचे आणि उठून बागेला पाणी घालायचे. बाग म्हणजे खिडकीतल्या चार कुंड्या.

शेवटी बाईंनी काकूंचा मान राखून मार्केटिंगचा छोटा कोर्स केला. त्यात प्रत्येकानं एका काल्पनिक दुकानाची जाहिरात करायची होती. बाईंनी चपलांचं दुकान काढलं. वर्गातल्या सगळ्यांनी एकमेकांच्या दुकानांना पसंती दिली, प्रमाणपत्रं घेतली आणि आपापलं घर गाठलं. नोकरी कुणाला लागल्याचं ऐकिवात नव्हतं.

बाईंना लागली, पण ती भलत्याच कामात. एका कंपनीला आवाज ऐकणारी माणसं हवी होती. फोनवरच्या संभाषणांचे तुकडे कानाला लावून ऐकायचे आणि बोलणारा माणूस कसा आहे त्याची खूण करायची. पडद्यावर बटणं होती: शांत, आनंदी, चिडलेला, दुःखी, गोंधळलेला. ही माणसांनी केलेली खूण यंत्राला शिकवायची, म्हणजे उद्या यंत्र आपलं आपणच ओळखेल. याला डेटा लेबलिंग म्हणतात आणि सध्या त्याला फार मागणी आहे, असं तिथली पर्यवेक्षक म्हणाली. ती बाईंच्या मुलीच्याच वयाची होती. पहिले काही दिवस मॅडम म्हणाली, मग काकूवर आली.

एक बटण सगळ्यांत खाली होतं, 'ओळखीचा आवाज'. चुकून आपल्या माहितीतल्या माणसाचं बोलणं समोर आलं तर ऐकणं तिथंच थांबवून ते दाबायचं. मग तो तुकडा पर्यवेक्षकाकडे जायचा आणि परत कुणापुढे येत नसे. ऐकलेलं बाहेर बोलणार नाही, अशी सहीही सगळ्यांनी केलेली होती. हे बटण आजवर कुणी दाबलेलं नाही, असं ती मुलगी हसत म्हणाली होती.

काम बाईंना जमलं, पण त्यांना वाटलं होतं तितकं सोपं ते नव्हतं. एक्स्चेंजवर माणूस बोलायला लागला की त्याला कुठं जोडून द्यायचं ते कळायचं. इथं जोडून द्यायला कुणी नव्हतं. माणूस चिडलेला म्हणावा तर मध्येच हसायचा, आनंदी म्हणावा तर आवाज दाटून यायचा. बाईंचं बोट आपोआप 'गोंधळलेला'वर जायचं. पर्यवेक्षक एकदा खुर्ची ओढून शेजारी बसली आणि म्हणाली, "काकू, तुमच्याकडे निम्मं जग गोंधळलेलं आहे. बाकीच्यांकडे इतकं नाही." बाईंना वाटलं, चूक आपली असेल. त्यांनी मग थोडे चिडलेले वाढवले.

मग एक नवा गठ्ठा आला. कोर्स विकणाऱ्या एका कंपनीच्या हेल्पलाइनवरचे फोन. फोन करणारे सगळे बाईंचेच भाऊबंद निघाले. कुणाची बँकेतली खिडकी बंद झाली होती, कुणाचा छापखाना. सगळ्यांचा प्रश्न तोच, काय शिकू? बाईंना बरं वाटलं, खोटं कशाला बोला. आपण एकट्याच नाही, हे नुसतं कुणी सांगून पटत नाही, कानांनी ऐकावं लागतं.

दुपारच्या जेवणानंतर त्यांनी पुढचा तुकडा लावला आणि कानात नवऱ्याचा आवाज आला.

"सध्या मागणी कशाला आहे?" ते विचारत होते.

पलीकडची मुलगी फडाफडा नावं सांगत गेली. क्लाउड, डेटा सायन्स, यूएक्स डिझाइन, प्रॉम्प्ट इंजिनिअरिंग. मध्ये श्वास घेत नव्हती. ती थांबल्यावर ते म्हणाले, "हे सगळं किती दिवस चालेल? म्हणजे मी शिकेन, शिकायला माझी ना नाही. याआधी शिकलोय. पण तेही संपलं. आता ऑफिसात माझ्याकडे काही काम उरलेलं नाही." मग म्हणाले, "माझ्यासारख्याला मागणी असेल असं काही आहे का?"

त्या मुलीनं पुन्हा पहिल्यापासून नावं सांगायला सुरुवात केली.

नियमाप्रमाणे पहिल्याच वाक्याला थांबायला हवं होतं. बाईंनी तुकडा शेवटपर्यंत ऐकला, मग परत लावला. दाबावं तर तुकडा जाईल आणि पुन्हा ऐकायला मिळणार नाही. न दाबावं तर सही केलेली आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली. पडद्यावर बटणं वाट पाहत होती. नवऱ्याच्या त्या आवाजात चीड नव्हती. दुःख होतं का? पंचवीसेक वर्षं शेजारी बसून जेवलेल्या माणसाचा आवाज, आणि बाईंना तो पक्का ओळखता येईना. शेवटी त्यांनी 'गोंधळलेला' दाबलं. तुकडा गेला. पुढच्या तुकड्यात कुणीतरी बाई परतावा मागत होत्या. ऑपरेटरबाईंना त्यातला एक शब्द कळला नाही.

नोकरी गेली म्हणावी, तर हे रोज सकाळी डबा घेऊन निघत होते, ठरल्या वेळी घरी येत होते, महिन्याच्या महिन्याला पगारही जमा होत होता. मग जात होते कुठं? दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत बाईंनी खाली रस्त्यावर जाऊन त्यांच्या ऑफिसात फोन लावला. त्यांच्या मोबाइलवर नाही, त्यांच्या टेबलावरच्या फोनवर. तो नंबर त्यांना पाठ होता. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"हॅलो, नकाशा विभाग," नवरा म्हणाला.

म्हणजे नोकरी होती. बाईंनी न बोलता फोन ठेवला. सुटकेचा श्वास टाकायचा की नाही हेच त्यांना समजेना, कारण इतक्या वर्षांत त्या टेबलावरचा फोन पहिल्या घंटीला कधी कुणी उचलला नव्हता. "हातात काम असतं ना, ते सोडायला वेळ लागतो," असं हेच सांगायचे. संध्याकाळी हे जेवताना म्हणाले, आज एक कोरा फोन आला होता. बाईंनी विचारलं, मग? "मग काय, ठेवला. तेवढंच," ते म्हणाले.

ते 'तेवढंच' बाईंच्या डोक्यात घोळत राहिलं. मुलीला सांगावं का? तिनं लगेच एखाद्या कोर्सची लिंक पाठवली असती. काकूंना सांगणं म्हणजे गावभर दवंडी. आणि त्यांना स्वतःला सांगायचं तर, तुमचं खासगी बोलणं मी नोकरीच्या ठिकाणी कान लावून ऐकलं, ही सुरुवात कुठल्या तोंडानं करायची?

रविवारी दोघं मिळून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. चादरीची दोन टोकं त्यांच्याकडे, दोन बाईंकडे. तेव्हाच बाई बोलल्या. फार सजवलं नाही. मी तुमचा फोन ऐकला, म्हणाल्या. हेल्पलाइनवरचा. मुद्दाम नाही, समोर आला.

ते चादर धरून तसेच उभे राहिले. रागावतील असं बाईंना वाटलं होतं, आणि रागावले असते तर बरं झालं असतं. मग चादर तशीच पलंगावर टाकून ते बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. ऑफिसात नवा प्रोग्रॅम आला होता. साहेब त्याला खोल्या किती, खिडक्या कुठं, एवढं सांगतात आणि चहा येईपर्यंत नकाशा तयार असतो. कुणी यांना काढून टाकलं नव्हतं. काढून टाकायचंही कुणाच्या लक्षात येत नव्हतं, म्हणा. सकाळी जाऊन ते टेबल पुसायचे, कॉम्प्युटर चालू करायचे आणि जुन्या फाइली उघडून बंद करायचे. बाईंची नोकरी नुकतीच गेलेली, त्यात आपली भर कशाला, म्हणून बोलले नाहीत. मग बोलायची वेळ निघून गेली. अशा हेल्पलाइनवर त्यांनी बऱ्याच ठिकाणी फोन केले होते. नाव कुठंच नोंदवलं नव्हतं.

"एक सांगशील का?" ते म्हणाले. "ऐकताना मी कसा वाटलो?"

बाईंनी खरं सांगायचं ठरवलं. "गोंधळलेले. तेच बटण दाबलं मी."

"बरं झालं," ते म्हणाले. "मला भीती होती, रडवेला वाटलो असेन."

"तेही होतं थोडं. पण त्याचं बटण वेगळं आहे, आणि एकच दाबता येतं."

यावर ते हसले, बऱ्याच दिवसांनी. मग दोघांनी चादरीची घडी पुरी केली. ती वाकडी झाली, आणि बाईंनी ती तशीच कपाटात ठेवली.

सोमवारी बाई पर्यवेक्षकाकडे गेल्या आणि नियम मोडल्याचं सांगितलं. नोकरी गेली तर गेली, असं मनाशी धरूनच गेल्या होत्या. त्या मुलीनं तुकडा शोधून काढून टाकला, बाईंच्या नावापुढे एक ताकीद नोंदवली, आणि मग दार लोटून घेत म्हणाली, "काकू, खरं सांगू? हे कामही फार टिकणार नाही. यंत्राला आता तुमच्याआमच्याइतकंच ओळखता येतं. मीसुद्धा दुसरं काहीतरी शोधतेय." काय ते विचारल्यावर तिनं बोटांवर नावं मोजायला घेतली आणि अर्ध्यात थांबली. "तुम्हाला काय वाटतं, काय करावं मी?" बाईंना नवल वाटलं. विचार करून सांगते, एवढंच म्हणाल्या.

नवऱ्यानंही त्या आठवड्यात धीर करून साहेबांना सरळ विचारलं, माझं पुढं काय? साहेबांनी खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि आपल्यालाही नक्की ठाऊक नसल्याचं कबूल केलं. वर्षअखेरपर्यंत राहा, मग बघू, म्हणाले. पायाखालची जमीन काही पक्की झाली नाही. पण ती कुठपर्यंत आहे ते तरी दिसलं.

मग नवऱ्यानं ऑफिसनंतरचा एक वर्ग लावला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर स्प्रेडशीट आणि डेटा शिकवतात, तो. का लावला असं मुलीनं फोनवर खोदून विचारलं. याला पुढं वाव आहे का, कुठं अभ्यास केला, कुणाचा सल्ला घेतला? ते म्हणाले, वर्ग सुटतो तेव्हाच तुझ्या आईचं ऑफिस सुटतं, आणि वाट एकच आहे. मुलगी म्हणाली, बरं बाबा, हेही कारण चांगलं आहे.

पहिल्या दिवशी बाई वाचनालयाच्या पायऱ्यांपाशी थांबल्या. आतून तरुण मुलं-मुली बाहेर पडली आणि सगळ्यांच्या मागून हे आले, वही छातीशी धरून. आज काय शिकवलं, बाईंनी विचारलं.

"पिव्होट टेबल," ते म्हणाले. काही पावलं चालले. "टेबल कुठं होतं ते मला दिसलं नाही."

"विचारलं नाहीत?"

"विचारलं ना. शेजारच्या मुलाला. त्यालाही दिसलं नव्हतं. उद्या दोघं मिळून विचारणार आहोत."

सिग्नलपाशी गर्दी होती. बाईंनी त्यांच्या हातातली वही आपल्या पिशवीत ठेवली, आणि उद्या मास्तरांना नेमकं काय विचारायचं याची वाक्यं ते मोठ्यानं जुळवून बघत असताना दोघंही रस्ता ओलांडून गेली.