टाचण्यांच्या डब्यातली पोस्ट

मी पोस्ट बोलतेय. टपालाची नव्हे, दातातली. काचेच्या तंतूंची, आगकाडीहूनही बारीक अशी एक काडी.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा पुढचा दात दोरे तोडून तोडून मोडला. आतली नस काढावी लागली आणि दात मुका झाला. मग डॉक्टरीणबाईंनी मुळाची पोकळी धुतली, कागदाच्या काड्यांनी टिपली, मला सिमेंट माखून आत बसवलं आणि वरून निळा उजेड सोडला. सिमेंट घट्ट झालं. माझ्यावर दातासारखी कॅप चढली आणि अंधार झाला.

"आता दाताने दोरा तोडायचा नाही हं, मावशी."

"छे हो! लेकीने कात्री गळ्यातच अडकवलीय."

"आणि कॅप निघालीच तर लगेच घेऊन या. परत चिकटवता येते. उशीर झाला तर मूळ किडेल, मग दातच काढावा लागेल."

आत मी एकटीच. शेजारी म्हणावा तर दात मुका. पण मायलेकी हसायच्या तेव्हा मीसुद्धा थरथरायचे, बरं वाटायचं. पुढे लेक लग्न होऊन दूर गेली. घरात मशीनची घरघर तेवढी उरली.

दोरा तोडू नकोस म्हणून लेक फोनवर दातांच्या कण्या करायची. पण नातीचा फ्रॉक शिवताना बाईंनी सवयीने दोरा दातात धरलाच. कात्री गळ्यात लोंबत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा! माझी पकड सुटली आणि मी कॅपसकट हातात आले. फार वाईट वाटलं मला.

बाईंनी मला धुऊन टाचण्यांच्या डब्यात ठेवलं. "जाईन उद्या," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "कोण बघतंय माझे दात?" तो उद्या काही उजाडला नाही.

आज लेकीचा व्हिडिओ कॉल आला.

"फ्रॉक काय गोड झालाय गं! आई, हस की जरा. गप्प का?"

बाई ओठ मिटूनच पुटपुटल्या, "तोंडात टाचण्या आहेत गं."

"बरं बरं, कर काम. नंतर बोलू."

बाई, मूळ उघडं पडलंय, अजून वेळ आहे. मला घेऊन चला.

आणि लेकी, तू तरी ऐक. तुझ्या आईच्या तोंडात एकही टाचणी नाही. सगळ्या इथे आहेत, माझ्याजवळ.