बर्फात गेलेला वाघ

मोहफुलं वेचायच्या दिवसांत आमच्या गावात "चहा झाला का?" असं कोणी विचारत नाही. "वाघ कुठी हाय?" असं विचारतात. म्हणून गावाच्या वेबसाइटला जोडायला मी याच नावाचं मॉड्यूल लिहिलं. घराला एक खोली वाढवावी तसं. वनरक्षक अंकुशभाऊ वाघ दिसल्याची जागा फोनवरून टाकतात, पंचायतीच्या टीव्हीवर नकाशात पिवळा ठिपका उमटतो आणि सकाळी कोणत्या बाजूनं मोह वेचायला जायचं ते बाया ठरवतात. अकरावीतल्या पोरीनं केलंय हे! मी सगळ्यांना सांगते, कोणी विचारलं नाही तरी.

काल ब्रह्मपुरीच्या बसमधून उतरले तर पंचायतीसमोर हसण्याचा गदारोळ.

"मंजुषे, तुहा वाघ पाह्य ना वो!" माझी मोठीमाय, म्हणजे मोठी काकू रुखमाबाई, पदर तोंडाला लावून ओरडली. "बर्फात जाऊन बसला!"

खरंच. ठिपका पार उत्तर ध्रुवाजवळच्या एका बेटावर होता.

"ऊन काय कमी हाय का इथी? थंड हवा खाऊन राह्यला असन बिचारा," लटारूभाऊ म्हणाले.

"मंग काय, उद्या तलावाकडचा मोह मोकळा!" मोठीमाय म्हणाली. बायांनी लगेच माना डोलावल्या.

माझं हसू तिथंच विरलं. अंकुशभाऊंनी टाकलेले आकडे मी फोनवर उघडले. ते अक्षांश-रेखांश मला तोंडपाठ होते: तलावाची पाळ!

"मोठीमाय, वाघ तलावावरच हाय!"

"तुहा नकाशा म्हन्ते बर्फात, तू म्हन्ते तलावावर. कोनाचं ऐकू? नकाशात दाखव, तं मानीन."

आता आली का पंचाईत! आजवर नकाशा चुकला नव्हता, म्हणून माझ्यापेक्षा त्याची पत जास्त.

तेवढ्यात प्रणितदादा दिसला. कॉलेजात जातो, गावात येणारी सवारीची जीप कुठवर आली ते दाखवणारं मॉड्यूल त्यानंच दुपारी साइटला जोडलं होतं.

"दादा, तू नकाशाची लायब्ररी कुठून घेतली?"

"माह्या मॉड्यूलमधेच भरली. इथी नेटवर्क राहते का? काऊन?"

मीही तेच केलं होतं! रेंजच्या भरवशावर कोण राहील, म्हणून दोघांनीही तीच लायब्ररी, म्हणजे नकाशा काढायचा दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, आपापल्या डब्यात भरून आणली. माझी जुनी, त्याची नवी. दोन्हींचं नाव एक, त्यामुळे शेवटी उघडते ती आधीचीला बाजूला सारते. जुनी आधी अक्षांश मागते, नवी आधी रेखांश. माझे आकडे नवीच्या हाती उलटे पडले आणि वाघ निघाला ध्रुवाकडे.

"तुही जुनी काढून टाक," दादा ऐटीत म्हणाला.

"आन् उद्या कोनी तिसरा आपली घेऊन आला तं? लग्नाच्या सैपाकाचे मोठाले गंज घरोघरी ठेवतो का आपन? गावाचे गंज समाजमंदिरात राह्यते. लागन त्यानं मागावं."

"मंग?"

"लायब्ररी साइटच्या सामायिक जागेत ठेवू. एकच. आपल्या मॉड्यूलमधे फक्त लिहू, मले हे पायजे, अमुक आवृत्तीचं."

दादानं बॅगेतून लॅपटॉप काढला. प्रणितदादानं कोणाचं ऐकावं, ही आमच्याकडे बातमीच!

त्याची नवी प्रत सामायिक जागेत गेली. दोघांनी आपापले डबे रिकामे केले, मी माझ्या आकड्यांचा क्रम बदलला. टीव्हीवर वाघ अजून बर्फातच! बाया उद्या तलावाकडंच जायचं ठरवून घराकडं निघाल्या.

"मोठीमाय, थांब ना वो!" टीव्हीनं जुनं पान धरून ठेवलं होतं. मी ते पुसलं, नव्यानं उघडलं.

ठिपका तलावाच्या पाळीवर! दादाची जीपही आपल्या रस्त्यावर धडधाकट.

"आला वो बाई, घरी आला!" मोठीमायनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. वाघ गावाजवळ आला म्हणून टाळ्या वाजवणारं गाव आमचंच असेल.

"चला, उद्या टेकडीकडं," ती बायांना म्हणाली. मग माझ्या कानाशी आली. "पोरी, बर्फातला फोटो हाय का? माहेरी दाखवतो."