फुंकरकाकांची फळी

“आजोबा सगळ्यांचे केस कापायचे, मग आजोबांचे केस कोण कापायचं?”

रविवारी सकाळी चहाच्या वेळी या घरातल्या मुलीने हा प्रश्न विचारला आणि तिच्या बाबांची बशी ओठांपाशीच थांबली. आईने गॅस बंद केला. दाराजवळ चपलांखाली पडल्या पडल्या मीही शहारले. लाकूड शहारत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर खुशाल वाटू द्या. मला उत्तर माहीत होतं ना!

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. दीड हात लांब आणि वीतभर रुंद. दोन विटांवर आडवी टाकून माझ्यावर घरभराच्या चपला ठेवतात. त्याची मला लाज नाही. चपलांनाही कुठेतरी टेकावं लागतंच की! मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पण ती सांगण्याआधी फुंकरकाकांबद्दल सांगायला हवं.

फुंकरकाका म्हणजे या मुलीचे आजोबा. कोपऱ्यावर त्यांचं केस कापायचं दुकान होतं. एकदा एक सुतार आपल्या चिमुरड्याला घेऊन तिथे आला. खुर्ची मोठी आणि गिऱ्हाईक छोटं. आरशात मुलाची नुसती शेंडी दिसत होती. दुसऱ्या दिवशी तो सुतार एका दाराचा उरलेला तुकडा घेऊन आला. रंधा मारून, कोपरे गोल करून त्याने तो खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवा ठेवला आणि म्हणाला, “घ्या! आता गिऱ्हाईक दिसेल तरी.” तो तुकडा म्हणजे मी. तेव्हापासून वस्तीतलं प्रत्येक मूल आधी माझ्यावर बसलं आणि मगच मोठं झालं.

केस कापले की मानेवर बारीक केस राहतात आणि टोचतात. बाकीचे लोक ब्रशने झाडतात आणि ‘चला, पुढचा!’ म्हणतात. काका मात्र ब्रश मारून झाल्यावर मानेवर हळूच एक फुंकर घालायचे. म्हणून ते फुंकरकाका. खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या वस्तीने डोकं खाजवलं असतं.

लहान मुलं अशी भोकाड पसरायची की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, आत दात उपटतायत. मग काका आपली खास युक्ती काढायचे. बोथट टोकाची कात्री मुलाच्या हातात द्यायचे आणि त्याच्यापुढे डोकं वाकवायचे. “आधी तू माझे काप. मला दुखलं तर मी ओरडतो, मग तू पळून जा.” मूल घाबरत घाबरत कच्‌कन एक बट कापायचं. काका “आई गं! मेलो!” म्हणून खोटंखोटं नाचायचे. मूल खदाखदा हसायचं आणि ते हसतंय तोवर काकांची कात्री कामाला लागलेली असायची.

त्यामुळे काकांच्या कपाळावरचे केस कायम कुरतडल्यासारखे दिसायचे. कुणी म्हणायचं, “काका, डोक्याला उंदीर लागला वाटतं?”

“लागला ना! काल तुमच्याच घरून आला होता.”

दुकान बंद झालं तरी काकांचं काम संपत नसे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी ते कात्री-वस्तऱ्याची धोकटी खांद्याला लावून आणि मला काखेत मारून जायचे. आजारी माणसाला उठवून बसवायचं तर पाठीला काहीतरी टणक लागतं. ते काम माझं. घरचे म्हणायचे, “असू दे हो काका, त्यांना कुठे बाहेर जायचंय?” काका म्हणायचे, “ताप अंगात असू दे. तो तोंडावर कशाला दिसायला हवा?” दाढी झाली की त्या माणसाच्या हाती आरसा द्यायचे. आरशात बघून एखादा आजारी माणूस हसला की माझी छाती, म्हणजे असती तर, फुगली असती.

काकांचा मुलगा, म्हणजे या मुलीचे बाबा, शाळेत असताना दुकानात हाताखाली असायचा. त्याचा हात बापापेक्षा हलका आहे असं गिऱ्हाइकं म्हणायची. पुढे तो शिकला, कचेरीत लागला. तिथे कुणी विचारलं, वडील काय करतात, तर ‘छोटासा धंदा आहे’ म्हणायचा आणि विषय बदलायचा. काकांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा दुकान दुसऱ्याला गेलं. नव्या मालकाने पायाने दाबून वरखाली होणारी खुर्ची आणली. मग माझं काय काम? काका मला घरी घेऊन आले. सूनबाई म्हणाल्या, “चपलांना छान होईल.” काका हसून म्हणाले, “आधी डोकी सांभाळली, आता पाय. सगळा माणूस बघून झाला हिचा!”

मग काका आजारी पडले. पुढच्याच खोलीत त्यांची खाट होती, माझ्यासमोर. भेटायला माणसांची रीघ लागली. वकील आले, मुख्याध्यापिका आल्या, एक हवालदारही आला. ज्यांना मी लहानपणी अंगावर बसवलं, त्यांच्याच चपला-बुटांचा माझ्यावर ढीग झाला. सगळे फळं आणायचे आणि म्हणायचे, “काका, तुम्हीच आम्हाला माणसात आणलंत!” काकांचे केस कानांवर आले होते, मिशा ओठांत जात होत्या, दाढी खाजत होती. सगळ्यांना ते दिसत होतं. जाताना माझ्यापाशी वाकून बूट घालता घालता ते कुजबुजायचे.

“केस पाहिलेस का? बघवत नाही.”

“घरचे बघतील की. आपण कसं बोलायचं?”

घरच्यांना वाटायचं, इतकी माणसं येतायत, कुणीतरी म्हणेलच.

एका दुपारी काकांनी दाढीवरून हात फिरवला आणि मुलाला विचारलं, “जरा बघतोस का रे?” मुलाचा हात वर उचलला गेला. मी पाहिलं. मग तो हात खिशात गेला. “माणूस बोलावतो, अण्णा. रविवारी.”

“बरं,” काका म्हणाले.

रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी तो माणूस आला नाही. काकांनी पुन्हा विचारलं नाही. ते गेले, ते तसेच गेले.

शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. म्हणे बसायला जागा नव्हती. व्यासपीठावर काकांचा तरुणपणचा फोटो होता, कारण शेवटचा फोटो लावायला कुणी धजलं नाही. तो फोटो बघून मुलीच्या मैत्रिणी कुजबुजल्या, “यात कसले भारी दिसतायत! शेवटी त्यांचे केस कोण कापायचं गं?” तिला सांगता येईना. दुकानाचा विषय काढला की बाबांचा चेहरा उतरतो, हे मैत्रिणींनाही ठाऊक. “विचार ना घरी. यंदा फार कंठ फुटलाय ना तुला? की वर्गातच वाघ आणि घरी मांजर?”

म्हणून तो प्रश्न.

“चहा घे आधी,” बाबा म्हणाले.

“घेते. पण उत्तर?”

शेवटी आईनेच कात्रीची गोष्ट सांगितली. मुलगी पोट धरून हसली. “म्हणजे आख्ख्या वस्तीने आजोबांचे केस कापलेत? बाबा, तुम्हीसुद्धा?”

“सगळ्यात आधी मीच.” बाबाही हसले. कितीतरी दिवसांनी.

“आणि आजारी असताना कोणी कापले?”

हसू जागच्या जागी विरलं. बाबांनी बशी खाली ठेवली.

“मला येत होतं गं,” ते म्हणाले. “हात उचललाही होता. पण वाटलं, एकदा कात्री धरली की सगळे म्हणणार, बघा, शेवटी बापाच्याच वळणावर गेला. लाज वाटली. आता त्या लाजेची लाज वाटते.”

“मी रोज त्यांचं अंथरूण बदलायचे,” आई म्हणाली. “मला दिसत नव्हतं का? समोरचे शिंपीआजोबाही तसेच पडलेत. अण्णा हिंडतेफिरते होते तोवर त्यांची दाढी व्हायची. आता त्यांच्याकडेही कुणी जात नाही.”

मुलीने आपला चहाचा कप बाजूला सरकवला. मग ती हळू आवाजात म्हणाली, “मी त्यांच्या दाढीला ढग म्हणायचे. ढगाबरोबर फोटो काढायचे आणि मैत्रिणींना पाठवायचे. आजोबा हसायचे. मला वाटायचं, त्यांना आवडतंय.”

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, वाळवी लागून संपून जावं. माझ्यावर बसवून ज्या माणसाने इतक्यांना देखणं केलं, त्याच्या पाठीला टेकायला मला कुणी उचललं नाही, आणि मी तिथेच चार पावलांवर चपला सांभाळत होते. वस्तूंची निगा राखा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. आम्ही वस्तू, आमचं चालून जातं. पण आजारी माणसाला भेटायला जाल तेव्हा फळं नेली नाहीत तरी चालेल, एक कंगवा न्या. त्याच्याकडे नीट बघा, आणि ‘घरचे बघतील’ म्हणून बूट घालू नका.

तेवढ्यात मुलगी ताडकन उठली. डोळे पुसले, नाक पुसलं, तेही बाहीलाच.

“आई, बाबा, ऐका. मी केस कापायला शिकणार आहे. बाबा, तुम्हीच शिकवायचं, आजपासून. नाही म्हणालात तर कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन शिकेन आणि कुणाची नात आहे तेही तिथे ओरडून सांगेन. हात बसला की शिंपीआजोबांकडे जाणार. आणि उद्या शाळेत मैत्रिणींना खरं उत्तर देणार, माझ्या फोटोंसकट. मी विचारत नाहीये हं. सांगतेय.”