गिरजाबाईच्या नावाचं पान

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. शिवण उसवलीय, कडा वाळवीनं चाखल्यात. पण माझी कीव करत बसू नका, मला ते खपत नाही.

सुहासिनीबाईंनी मला रोह्याच्या बाजारातून आणलं. मुंबईच्या कॉलेजात जन्मभर लॅटिन शिकवून त्या वरसे गावात राहायला आल्या होत्या. लॅटिन म्हणजे जुन्या रोमची भाषा. तिथल्या कवींचे अलंकार बाई माझ्या डाव्या पानावर लिहायच्या. उजवं पान मात्र आपल्या माणसांचं!

एका अलंकारात कवी निर्जीव वस्तूशी थेट बोलतो, झऱ्याला हाक मारतो, होडीला विनवतो. त्याच्यासमोर बाईंनी भाजीवाल्या गिरजाबाईचं बोलणं लिहिलं. पुरानं मळा नेला तेव्हा ती काठावर उभी राहून नदीला म्हणाली होती, "कुंडलिके, बाये, मळा नेलास तो नेलास, आता माज्या मिरच्या तरी झोंबूंदे तुला."

दुसरा अलंकार 'वाईट नाही' असं म्हणून कौतुक करण्याचा. कवींना तो डोकं खाजवून साधावा लागला असेल, आमच्याकडे तो दूधपित्या पोरालाही येतो. बाईंच्या हातचं जेवण कितीही झकास होवो, गिरजाबाई बोटं चाटत म्हणणार, वंगाळ नाय. त्याहून मोठी शाबासकी तिच्यापाशी नव्हतीच. बाईंनी तेही लिहिलं आणि खाली नाव घातलं: गिरजाबाई, रोहे.

एकदा एका विद्वान पाहुण्यांनी मला चाळून नाक मुरडलं. महाकवींच्या मांडीला मांडी लावून भाजीवाली कशाला, म्हणे! बाई शांतपणे म्हणाल्या, "रोमच्या कवींची नावं दोन हजार वर्षं टिकली. हिचं का टिकू नये?" तेव्हापासून माझी मान ताठ आहे.

बाई गेल्या. त्यांच्या भाच्यानं, शौनकनं, घर आवरलं. त्याला माझी फक्त डावी पानं दिसली. हे वाचणार कोण, म्हणाला आणि मला रद्दीत घातलं. रद्दी पोचली पेणला, जितेशच्या गणपतीच्या कारखान्यात. तिथे कागद फाडून भिजवतात आणि लगद्याच्या मूर्ती करतात. बाप्पा होण्यात कमीपणा नाही हो, पण माझ्या पोटात माणसं होती. ती विरघळू द्यायची? मुळीच नाही! मात्र वहीचं ऐकतो कोण?

कागद फाडायला धोंडुबाई होती. तिनं माझं पुठ्ठ्याचं अंग सोलून काढलं, चार पानं टराटरा फाडली आणि पाचव्यावर हात थबकला. चौथी शिकलेली बाई ती, बोट ठेवून सावकाश वाचू लागली. नावाशी आली आणि परत पहिल्या ओळीवर गेली. गिरजाबाईची लेक होती ती, लग्न होऊन पेणला आलेली.

जितेश म्हणाला, आटपा, पाणी तयार आहे. धोंडुबाईनं मला पदराखाली घेतलं.

"ही नाय भिजणार. आयेचा फोटोपण नाय माज्याकडं. तिचं बोलणं हाय हितं."

एवढं काय मोठं आहे त्यात, असं जितेशनं विचारलं. तिनं डोळे पुसले.

"वंगाळ नाय," ती म्हणाली.

आता मी तिच्या फळीवर असते, मिसळणाच्या डब्याशेजारी. मित्रांनो, मला जपा म्हणून मी हात जोडणार नाही. तुमच्या घरातही कुणी असं बोलणारं असेल. त्यांचं बोलणं लिहून ठेवा, आणि खाली नाव घातल्याशिवाय वही मिटू नका.