लोधिवलीचं तांबं

"तुझ्या काकाला आता पाणी नको, तांब्याची खाण हवी हाय," सोनाबाईकाकू फोनवर म्हणाल्या. "हिरवा दगड निघाला म्हणून विहीर तीस फुटांवर थांबवलीय. खोदणारे उद्या दुसऱ्या गावाला निघाले. ये गं लवकर."

माधवी दुपारी लोधिवलीला पोचली. लडकूकाका विहिरीच्या काठावर, बारशाचं बाळ घ्यावं तसा दगड मांडीवर घेऊन बसले होते.

माधवीचे वडील आबाजी, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, तीस वर्षं मलांजखंडच्या तांब्याच्या खाणीत होते. त्यांना जाऊन तीन महिने झाले होते. त्यांच्या ट्रंकेतला खाणीत ड्रिलनं काढलेला मनगटाएवढा जाड दगडाचा दांडा तिनं काकांच्या हातात दिला.

"हे पिवळं चमकतंय ना, ह्यात खरं तांबं. ही करडी चमक मॉलिब्डेनमची, तांब्यासोबत सापडणाऱ्या धातूची. घासा बोट."

काकांचं बोट पेन्सिलीच्या शिशासारखं काळं झालं. "मग आपल्याकडं का नाय? आपला दगडपण आगीतलाच ना?"

"आगीतलाच, पण घाईतला. भसाभसा वर आला, पसरला, थिजला. तांब्यासाठी तो रस जमिनीच्या पोटातच अडकावा लागतो. सावकाश थिजताना त्यातून उकळतं, खारट पाणी सुटतं. ते तांबं घेऊन भेगांत शिरतं आणि निवलं की तिथंच टाकून देतं. तुमचा हिरवा रंग नुसत्या मातीचा आहे."

"म्हंजे आपला दगड तुझ्या काकूसारखा. पोटात काय ठेवतच नाय."

"आणि तुमी? ठेवून ठेवून दगड झालाय तुमचा," मागं येऊन उभ्या राहिलेल्या काकू कडाडल्या. "माती हाय ते काय आज कळलं? सांगा की पोरीला!"

काका दगडाकडंच बघत हळूच म्हणाले, "गावात कुठं पण विहीर खोदली, हिरवं निघालं, की मी दादाला फोन करायचो, तांबं गावलं म्हणून. तो मला येडा म्हणायचा, हे सगळं परत सांगायचा. मग काम पुढं चालायचं. आता कोण म्हणणार?"

माधवी म्हणाली, "काका, तुम्ही... वेडे आहात."

"असं शाळेतल्या बाईसारखं नाय गं."

तिनं वडिलांसारखा आवाज चढवला. "लडक्या, येड्या! उतरव माणसं खाली!"

झाडाखाली बसलेले खोदणारे खो-खो हसले. काका दगड बाजूला ठेवून उठले.

"चला रं," त्यांनी आवाज दिला, "थोरल्या घरचा हुकूम हाय."