निजणार कोण?

नाटक कुठलं घ्यायचं हे बैठकीच्या आधीच ठरलेलं होतं. परंड्याच्या त्या तरुण पोरांच्या नाट्यमंडळात दरसाल असंच चालायचं. ठरवायचं चहाच्या टपरीवर, आणि मग मारुतीच्या सभामंडपात सतरंज्या टाकून तेच पुन्हा ठरवायचं, म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यांना वाटावं, आपल्याला विचारलं बरं का! औंदा ठरलं होतं 'नवरा पळाला येडशीला'. बोहल्यावरून पळालेला नवरदेव, रामलिंगाच्या रानात त्याचा फेटा पळवणारी माकडं, आणि गाण्यांची नुसती लयलूट. लोकांच्या हसून मुरकुंड्या वळाव्यात असं नाटक. मुख्य म्हणजे त्यात कुणी मरत नव्हतं. हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच पहिलं होतं.

उमाशंकर मास्तरांनी नाटकाचं बाड पुढं ठेवलं आणि नारळ हातात घेतला. मास्तर म्हणजे नावाचेच मास्तर. पोटापाण्याला पेठेत कापडाचं दुकान, पण पेटीवर बोटं अशी फिरायची की गिऱ्हाईक कापड विसरून ऐकत बसायचं. मंडळाची रीत अशी, की ज्या बाडावर नारळ ठेवला ते नाटक पक्कं. मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. मास्तर नारळ ठेवणार तेवढ्यात पायरीवर कस्तुराबाई दिसली, आणि त्यांचा हात तसाच राहिला.

तिला कुणी बोलावलं नव्हतं. वर्षभरात ती मंडळाच्या वाऱ्यालाही उभी राहिली नव्हती. आज आली ती तरातरा, पदर घट्ट ओढलेला, एका मुठीत काहीतरी धरलेलं, आणि मागं तिचा धाकटा मुलगा शंभू. मिसरूड फुटलेलं पोरगं, पण ती त्याला कुठं एकटं सोडतच नव्हती. दळण आणायला निघाली तरी तो संगं.

"मास्तर," ती उभ्याउभ्याच म्हणाली, "मागलंच नाटक घ्या. 'सीनाकाठचा शाहीर'."

मास्तरांनी नारळ मांडीवर घेतला.

आता ते नाटक का नको होतं, ते सांगायला पाहिजे. त्यात शेवटी शाहीर मरतो. गाता गाता कोसळतो आणि पडदा पडतो. मागल्या साली शाहीर झाला होता कस्तुराबाईचा थोरला, कृष्णराज. घरातलं नाव किसना. आणि ह्या मंडळात एक जुनी रीत होती. नाटकात जो मरेल त्यानं पडदा पडल्यावरही उठायचं नाही, तसंच निजून राहायचं. मग त्याच्या आईनं यायचं, घरातल्या नावानं हाक मारायची, तोंडात गुळाचा खडा घालायचा, आणि मगच त्यानं उठायचं. बिनहाकेचा उठला तर माणूस अर्धा तिथंच राहतो, असं म्हातारी माणसं सांगत. शिकलेली पोरं हसायची, पण निजून मात्र राहायची. कशाला विषाची परीक्षा घ्या?

गावात नाटक असलं की कस्तुराबाई गूळ घेऊन विंगेत उभीच. पण मागल्या साली लातूरला स्पर्धा लागली. गाडीत पोरं, पेटी, तबला, पडद्यांच्या वळकट्या, मुंगीला शिरायला जागा नाही. मास्तर म्हणाले, "वहिनी, ह्या बारीला ऱ्हाऊ द्या. गूळ मी घालतो की." ती राहिली. तिकडं टाळ्या थांबेनात. कुणी मास्तरांना मिठी मारली, कुणी फोटोला ओढून नेलं, आणि गुळाची पुडी त्यांच्या खिशातच राहिली. किसना जरा वेळ निजून राहिला, मग आपला आपणच उठला, अंगावरची धूळ झटकली आणि म्हणाला, "आवो मास्तर, मला इसरलात का?" सगळे खो खो हसले. पहिला नंबर आला होता. त्या दिवशी कशालाही हसू येत होतं.

पंधरवडा उलटला नाही तोच किसना दुपारच्या लाईटीला मोटार चालू करायला रानात गेला. बांधावर ओल होती. स्टार्टरला चिकटला तो जागीच गेला. लोकांनी ओलीला दोष दिला, सोललेल्या वायरीला दिला, नशिबाला दिला. कस्तुराबाईनं ह्यातल्या कशालाच दिला नाही. ती एवढंच म्हणायची, "माझं लेकरू लातुरातच निजलंय. त्याला कुणी उठवलंच न्हाय." आणि पुढं स्वतःलाच बोल लावायची, "जागा न्हाय म्हनले तर मी टपावर बसून का न्हाय गेले?" नवऱ्यानं समजूत घालून घालून शेवटी नाद सोडला.

तेव्हापासून शंभूची सकाळ ठरलेली. उशाशी आई, तिची हाक, आणि दात घासायच्या आधीच तोंडात गूळ. निम्म्या वेळा हाकेत 'किसना'च यायचं. तिच्या ते ध्यानातही यायचं नाही. शंभू 'व्हय' म्हणायचा आणि उठायचा. गुळानं त्याची दाढ किडली, पण पोरगं एका शब्दानं बोललं नाही. रानात गेला तरी स्टार्टरकडं बघायचीसुद्धा त्याला बंदी. मोटार बाप चालू करायचा.

"तेच घ्या," कस्तुराबाई पुन्हा म्हणाली आणि मूठ उघडली. मुठीत गुळाचा खडा होता. "गाणी तीच, कपडे तेच. शेवटाला शाहीर पडला की मला आत येऊ द्या. माझी हाक मारायची ऱ्हायलीय, मास्तर. एकदा मारू द्या. त्यो बी सुटंल आन मी बी सुटंन. मग मी जल्मात कायबी मागणार न्हाय."

शिवरंजनी, जी मागल्या साली शाहिराची बायको झाली होती, ओढणी तोंडात कोंबून रडायला लागली. मास्तरांची मान वर होईना. वर्षभर हा माणूस कस्तुराबाईच्या घरासमोरून जायचं टाळून मागच्या बोळानं दुकानात जात होता. त्यांनी पिशवीतून जुनं बाड काढलं, सतरंजीवर ठेवलं, आणि त्यावर नारळ ठेवून दिला.

"वहिनी म्हनत्यात तर तेच," ते म्हणाले.

कस्तुराबाईच्या जिवात जीव आला. वर्षात पहिल्यांदा तिला श्वास पोटापर्यंत गेल्यासारखा वाटला.

"ते झालं," बायकांच्या बाजूनं आवाज आला, "पण निजणार कोण?"

ती महानंदा होती. तिचा मुलगा गौरीशंकर मंडळात किसनाच्या खालोखाल गाणारा. शाहीर झाला तर तोच होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"तुझा गौरी निजंल की, महानंदा," कस्तुराबाई अजिजीनं म्हणाली. "तू हायेस ना गावातच? तू तुझी हाक मार, मी माझी मारते."

"दोन हाका, आन निजलेला एक!" महानंदा म्हणाली. "अक्का, माझ्या पोराच्या उशाशी बसून तुमी तुमच्या पोराला बोलवणार. आन माझा उठायच्या जागी दुसरंच काय उठलं म्हंजी? मी कुनाच्या तोंडाकडं बघू?"

"असं काय न्हाय होत गं."

"न्हाय होत, तर हाक तरी कशाला मारायची?" महानंदाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण जीभ थांबत नव्हती. "ज्याचं जळतं त्याला कळतं, खरंय. पण म्हनून इस्तू माझ्या घरात आणून ठेवायचा व्हय? इतकंच हाय तर तुमचा शंभू हाय की! गळाबी थोरल्याचाच. निजवा त्याला."

"न्हाय!" कस्तुराबाई ओरडली.

ते 'न्हाय' असं होतं, की बाहेर पारावर पत्ते खेळणारेही थांबून बघायला लागले. महानंदानं पदरानं डोळे पुसले. "बघा," ती हळूच म्हणाली. "मला तरी येगळं काय वाटतंय?"

कस्तुराबाई खाली बसली. मूठ पुन्हा मिटली गेली. आपण काय मागायला आलो होतो, ते तिला आत्ता कुठं धड दिसलं, आणि तिची तिलाच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मागणं कुठं संपतं? आतून कुणीतरी म्हणतच होतं, एकदाच, एकदाच.

"मी निजतो," शंभू म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. वर्षभरात ह्या पोराचा आवाज कुणी नीट ऐकलाच नव्हता. त्याला गाणी सगळी पाठ होती. गोठ्यात म्हशींपुढं तो ती रोज म्हणायचा, आई चुलीपाशी असली की हळू, भांडी घासायला बाहेर गेली की मोकळ्यानं. आपण हे नाटक करावं, असं त्याला किसना जिवंत होता तेव्हापासून वाटत होतं. पण त्याला काय वाटतं, हे घरात कुणी विचारलं होतं?

"गप बस," कस्तुराबाई म्हणाली.

"आई, तुला हाक मारायचीय ना? मग मार की. नाटकाची वाट कशाला बघायची?" तो सतरंजीच्या पुढं मोकळ्या फरशीवर जाऊन उभा राहिला आणि त्यानं शेवटचं गाणं धरलं.

"सीनामाई, दिवा माझा काठावर ठेव गं, न्हाय आलो माघारी तर वात तूच लाव गं..."

अरे देवा, तो गळा! मास्तरांची बोटं आपोआप मांडीवर पेटी वाजवायला लागली. शिवरंजनीनं रडणं थांबवलं. शेवटच्या ओळीला शंभूचा आवाज वर चढला, तिथंच तुटला, आणि तो कोसळला. एक हात छातीवर, एक पसरलेला, अगदी किसना पडायचा तसा. श्वाससुद्धा धरलेला.

कस्तुराबाई कधी उठली, कधी त्याच्याजवळ जाऊन बसली, तिचं तिला कळलं नाही. फरशीवरचं ते तोंड, मिटलेले डोळे, कपाळावर आलेली बट. तिनं गुळाचा खडा पुढं केला आणि तिच्या तोंडातून हाक निघाली.

"किसना."

शंभू हलला नाही.

चूक तिथंच सावरता आली असती. पण वर्षभर छातीत कोंडलेली हाक होती ती, एकदा सुटल्यावर तिला कोण आवरणार? "किसना, ऊठ रं माझ्या राजा. आले बघ मी. उशीर झाला रं मला, पण आले बघ. किसना..." ती बोलत राहिली, त्याच्या गालावरून हात फिरवत राहिली, आणि तिच्या तोंडावर असं सुख होतं की बघणाऱ्यांना बघवेना. महानंदानं गौरीशंकरचं मनगट गच्च धरलं.

शंभूनं डोळे उघडले. तो बराच वेळ आईकडं बघत राहिला. रोज सकाळी 'व्हय' म्हणणारं पोरगं आज ओ देईना.

"मी शंभू हाय, आई," तो म्हणाला.

आणि तो उठला. गूळ तिच्या बोटांतच राहिला. आपला आपणच उठला, उभा राहिला, आणि अंगावरची धूळ झटकली. मास्तरांनी ते बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. लातूरला उठणारा असाच उठला होता, अशीच धूळ झटकली होती. फरक एवढाच, की हा हसला नाही.

"लाईट आली आसंल," शंभू कुणाकडंच न बघता म्हणाला. "आज मोटार मी चालू करतो." चपला पायात सरकवून तो पायऱ्या उतरून गेला.

कस्तुराबाई गुडघ्यांवर तशीच बसून राहिली. महानंदा पुढं झाली, जुन्या बाडावरचा नारळ उचलला आणि 'नवरा पळाला येडशीला'वर ठेवला. एकदा ठेवलेला नारळ ह्या मंडळात कधी कुणी हलवला नव्हता. मास्तरांनी जुनं बाड पिशवीत कोंबलं.

मग एकाएकी कस्तुराबाईला कळलं की आपण काय केलं. जित्या पोरावर मेलेल्याची हाक घातली, आणि जिता बिनहाकेचा उठून गेला. तेही कुठं, तर स्टार्टरकडं! "आगं बाई गं!" म्हणून ती उठली आणि धावत सुटली. अनवाणी, पदर रस्त्यावर लोळतोय, कुर्डुवाडीच्या एसटीनं कर्कश हॉर्न दिला तरी तिला भान नाही. "शंभू! आरं शंभू!" पेठेतली माणसं दुकानांतून बाहेर आली. वर्षभर जी हाक निम्म्या वेळा चुकली, ती आता एकदाही चुकत नव्हती. पण ज्याला मारायची तो केव्हाच वळणाआड गेला होता.

ती रानात पोचली तेव्हा मोटारीचा आवाज येत होता. बांधावर उभी राहून तिनं पाहिलं. पाणी दंडातून खळाळत होतं, आणि शंभू घोट्याएवढ्या चिखलात उभा राहून फावड्यानं बारं मोडत, एका सरीतलं पाणी दुसरीत सोडत होता. जिता होता. धडधाकट होता.

"शंभू!"

"व्हय," तो म्हणाला. वर बघितलं नाही.

"शंभू रं!"

"आगं हाय की हितंच."

ती चिखलातून त्याच्यापाशी गेली आणि मूठ उघडली. गूळ घामानं विरघळून तळव्याला चिकटला होता. "आ कर, बाबा. एवढा खा."

"बांधावर ठेव," तो म्हणाला. "मुंग्या खात्याल."

ती हात पुढं करून तशीच उभी राहिली. पोरगं समोर होतं, ओ देत होतं, तरी तिला पटेना. बिनहाकेचा उठला होता तो. आता कितीही हाका मारल्या तरी त्या एका हाकेची भरपाई होणार नव्हती, आणि उद्या सकाळी, परवा, पुढच्या पंधरवड्यात, दर लाईटीला तिला हाच धसका असणार होता. ती बांधावर जाऊन बसली आणि पुन्हा म्हणाली, "शंभू." त्यानं ओ दिली. ती पुन्हा म्हणाली. त्यानं पुन्हा दिली. असं बराच वेळ चाललं. मग शंभूनं ओ देणं सोडून दिलं आणि पाणी पुढच्या सरीत वळवलं.