झाडणीची ज्वारी

धुळ्याच्या आग्रा रोडवरल्या एका मोटार ट्रान्सपोर्टच्या गुदामात सांडलेलं धान्य हमालांच्या बायकांनी झाडून न्यावं, असा रिवाज होता. मालकाला फुकटात झाडलोट मिळे आणि तो याला दानधर्म म्हणे. त्या सकाळीही चुडामण हमालाची बायको यशोदाबाई तिथली ज्वारी झाडून, पाखडून, दळून भाकरी थापायला बसली होती.

आदल्या दिवशी ज्वारीच्या पोत्यांशेजारीच कापसाच्या किडीवरच्या औषधाची पिंपं ठेवलेली होती. त्यांतलं एक जमिनीवर पाझरत होतं. सोबतच्या इंग्रजी कागदावर जहाल विष असल्याचं आणि अन्नधान्याजवळ ठेवू नये असं स्पष्ट छापलं होतं. रतिलाल कारकुनाने तो वाचला, शिक्का मारला आणि ड्रायव्हरच्या हाती दिला. पिंपं जळगावला रवाना झाली. कागद हमालांना वाचून दाखवायची पद्धतच नव्हती. पद्धत नाही, एवढ्या एका सबबीवर आपल्याकडे किती पापं खपतात!

दुपारी चुडामण घरी आला तेव्हा त्याची सुंदर नावाची लहानगी लेक भाकरी खात होती. बघता बघता तिला लाळ सुटली, अंग घामाने थबथबलं.

"माय, माले काही दिसत नही."

चुडामणने पोरीला खांद्यावर घेतलं आणि तो दवाखान्याकडे पळत सुटला. कानाशी तिचा श्वास घरघरत होता. मान वळवून तिच्याकडे पाहायचा त्याला धीर होईना.

"हिने काय खाल्लं?" डॉक्टरांनी विचारलं.

"भाकर, साहेब. गुदामनी झाडेल ज्वारीनी. तठे पिंप व्हतात."

"कशाची पिंपं? विषाचं नाव कळल्याशिवाय मी काय देऊ?"

ज्या पाठीवर पिंपं वाहिली, त्या पाठीच्या धन्याला नाव सांगता येईना. चुडामण गुदामाकडे धावला. कागद गाडीबरोबर गेला होता.

"विष होतं, एवढं आठवतं," रतिलाल म्हणाला. "नाव नाही रे आठवत."

चुडामण परतला तेव्हा सुंदर गेली होती.

पोरीचे दिवस झाले आणि तसलीच पिंपं पुन्हा आली. चुडामण गाडीला हात लावीना. दुसरे हमाल आणीन, असं मालकाने धमकावलं. काम गेलं तर बाकीच्यांचीही चूल थंड होणार होती. पण पिंपांकडे पाहून त्यांचेही हात उचलेनात. एकेक जण चुडामणशेजारी खाली बसला.

"पहिले कागद वाचा, भाऊ," वना हमाल रतिलालला म्हणाला. "आम्हले समजी असा वाचा."

मालकाकडे न पाहता रतिलालने कागद उघडला. त्याने मराठीत सांगितलं, "हे जहाल विष आहे. अन्नधान्याजवळ ठेवू नये."

दाराशी उभी असलेली यशोदाबाई दोन पावलं पुढे आली.

"इतलंच सांगानं व्हतं का, भाऊ?" तिने विचारलं.